बुधवारचे दोन हत्ती

भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांत हलकट वाचकांची एक जात असते. रहस्यकथा परत करताना पहिल्याच पानावर पेनने लिहून ठेवायचं, "खुनी डॉक्टर आहे." झालं, पुढच्याच्या आनंदावर पाणी. यांगूनमधल्या कुठल्याही दुकानात जा, हा प्रकार चालतोच. पण माझं पुस्तक काढून बघा. पहिल्या पानावर तीन वेगळ्या हस्ताक्षरांत तीन नावं सापडतील आणि तिन्ही चुकीची. डॉ यी यी थानच्या, म्हणजे माझ्या, पुस्तकातला खुनी शेवटच्या प्रकरणाआधी कुणाच्या बापाला कळत नाही (आमच्याकडे 'डॉ' म्हणजे बाई, डॉक्टर नव्हे). एवढ्या एका गोष्टीवर मी सगळं आयुष्य काढलं. पुस्तकवाल्यांची सगळी सदतिसावी गल्ली मला 'सायामा', म्हणजे मास्तरीणबाई म्हणते, शाळेत मी कधी एक दिवसही शिकवलेलं नसताना.

त्यामुळे सांचाउंगच्या दुकानातली बाई जेव्हा मला म्हणाली, "सायामा, तुमची पुस्तकं आहेत हो, वरच्या फळीवर, स्टूल घेऊन काढावी लागतात, आता पोरं सगळी ती ताऱ्यांवालीच मागतात," तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताऱ्यांवाली म्हणजे नॉ ले वा. पाथेनकडची, करेन जमातीतली ख्रिस्ती मुलगी, वय तिशीच्या आतबाहेर, विज्ञानकथा लिहायची. तिची तीन पुस्तकं गल्ल्यावरच ठेवलेली होती, वाचून वाचून कोपरे दुमडलेली. माझ्या पुस्तकांचे कोपरे सरळ होते. मी त्या सरळ कोपऱ्यांकडे बघत उभी राहिले आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमचे प्रकाशक ऊ ठे ल्विन यांना साक्षात्कार झाला.

"मा यी यी," ते म्हणाले, "एक कादंबरी. खून तुमचा, विज्ञान तिचं. दोघींनी मिळून."

आम्ही डॉ प्यूच्या चहाच्या दुकानात बसलो होतो. ऊ ठे ल्विन यांचं ऑफिस वर आहे, पण तिथे पुस्तकांचे गठ्ठे बसतात आणि माणसं खाली. नॉ ले वा समोर, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर ते तिचं कायमचं गोड हसू. तिचं मला काहीच आवडत नव्हतं. कापलेले केस आवडत नव्हते, शिकवणीच्या पोरांना पदार्थविज्ञान शिकवून थेट इथे येताना हाताला लागलेला खडू आवडत नव्हता, आणि तिचा चांगुलपणा तर मुळीच नाही. वाईट असती तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

"मुखपृष्ठावर वर नाव कुणाचं?" मी सरळ विचारलं.

"अहो, ते बघू नंतर."

"नंतर नाही, आत्ता."

"सायामांचंच असू दे ना वर," नॉ ले वा म्हणाली.

हे भीक घातल्यासारखं! मी म्हणाले, "उपकार नकोत. शेवटचं प्रकरण जी लिहील तिचं नाव वर. खुनी पकडायचं प्रकरण. कबूल?"

ती कबूल म्हणाली. मी मनातल्या मनात हसले. खुनी पकडायचं प्रकरण मी नाही लिहिणार तर काय ही तारे मोजणारी लिहिणार?

गोष्ट अशी ठरली. पुढच्या काळातलं यांगून. नदीवरून होड्या हवेत तरंगत जातात. एक यंत्र निघालंय, ते माणसाची हुबेहूब दुसरी प्रत बनवतं. तांदळाचा बडा व्यापारी ऊ हान तेन आजारपणात कामाला माणूस हवा म्हणून चोरून आपली प्रत बनवून घेतो. आणि ती प्रत त्याला मारून त्याच्या घरात, त्याच्या खुर्चीत जाऊन बसते. घरच्यांना पत्ता नाही. नदीत एक ओळख न पटणारं प्रेत मिळतं आणि इन्स्पेक्टरला संशय येतो, पण आता खुर्चीतला कोण आणि नदीतला कोण?

एक प्रकरण तिचं, एक माझं, असं चाललं होतं. दर रविवारी ती चर्चमधून गाऊन आली की आम्ही चहाच्या दुकानात एकमेकींना वाचून दाखवायचो. ऊ ठे ल्विन डोळे मिटून ऐकायचे. डॉ प्यू गल्ल्यावरून कान देऊन ऐकायची आणि शेजारच्या बाकांवरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते चहा संपला तरी उठायचे नाहीत.

पहिलं भांडण निळ्या दिव्यावरून झालं. तिने इन्स्पेक्टरच्या हातात एक दिवा दिला होता. त्याच्या उजेडात खऱ्या माणसाचं रक्त लाल दिसायचं आणि प्रतीचं निळं.

"हा दिवा आत्तापर्यंत कुठे होता?" मी विचारलं.

"त्याच्या ऑफिसात."

"मग पहिल्याच दिवशी का नाही लावला? विसरला? का वीज नव्हती?"

बाकांवरचे हसले. मी सोडते की काय. "हे बघ, खुनाच्या गोष्टीत वाचकाशी एक सौदा असतो. इन्स्पेक्टरला जे दिसतं ते तुलाही दिसेल, आता हिंमत असेल तर ओळख. तुझ्या गोष्टीत तू वाटेल तेव्हा खिशातून यंत्र काढणार. आज दिवा, उद्या भिंतीतून आरपार जाणारा माणूस. मग मी बिचारीने खोलीचं दार आतून बंद करून काय उपयोग?"

मला वाटलं होतं, आता हिचं तोंड एवढंसं होईल. तर ही मान डोलावून म्हणाली, "खरंय सायामा. मग नियम पहिल्याच प्रकरणात सांगून टाकू. आणि नंतर जीव गेला तरी मोडायचे नाहीत."

दुसऱ्या रविवारी तिने नियम लिहून आणले. प्रतीला मूळ माणसाच्या सगळ्या आठवणी असतील, प्रत बनली त्या दिवसापर्यंतच्या. शरीर तेच, गालावरच्या तिळासकट. जगातलं कुठलंही यंत्र दोघांतला फरक सांगू शकणार नाही.

"अगं, मग पकडणार कसा?" डॉ प्यूने गल्ल्यावरून विचारलं.

"ते सायामा बघतील," नॉ ले वा गोड आवाजात म्हणाली.

सायामा बघत होत्या. सायामांना काही दिसत नव्हतं! आयुष्यभर मी माणसांना कशावर पकडलं? कुणी मेलेल्याचं टोपणनाव विसरला, कुणी डावखुरा निघाला, कुणाला घरच्या कुत्र्याने ओळखलं नाही. इथे त्या मेल्या प्रतीला सगळंच आठवतंय. अक्षर तेच, सही तीच, मोहिंगाच्या माशाच्या रश्श्यावर लिंबू किती पिळायचं तेही तेच. कुत्रासुद्धा शेपूट हलवणार. मी रात्रंदिवस डोकं खाजवलं, भात करपवला, बहिणीच्या फोनवर ओरडले. तिने नियम इतके घट्ट बांधले होते की मला श्वास घ्यायला जागा नव्हती, आणि हे बांधायला तिला मीच शिकवलं होतं.

शेवटी मी ऊ ठे ल्विन यांना म्हणाले, "अजून थोडे दिवस द्या."

ते म्हणाले, "घ्या ना. घाई कसली?" पण तेव्हा त्यांनी माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी ती आली ती बसायच्या आधीच म्हणाली, "सायामा, रागावणार नसाल तर एक सुचलंय. आवडलं नाही तर फाडून टाका."

तिने वाचायला सुरुवात केली. इन्स्पेक्टर ऊ हान तेनच्या मागावर असतो. हान तेन म्हणजे शुक्रवारचा माणूस; आमच्याकडे नावाचं अक्षर जन्मवारावरून पडतं, त्यामुळे ते नावावरूनच कळतं. श्वेडगॉन पॅगोड्यावर तो दर पौर्णिमेला घरच्यांबरोबर जातो, उत्तरेला, आपल्या जन्मवाराच्या म्हणजे शुक्रवारच्या कोपऱ्यात, बुद्धाला पाणी घालतो, सगळ्यांसारखा. त्यात काही वावगं नाही. पण एकदा तो एकटाच जातो. चप्पल हातात, आजूबाजूला बघत. आणि उत्तरेला न वळता दक्षिणेला जातो, बुधवारच्या कोपऱ्यात, सुळेवाल्या हत्तीच्या मूर्तीपाशी. तिथे गुडघ्यावर बसतो आणि वाटीवाटीने पाणी घालतो. कारण यंत्रातून तो जागा झाला तो बुधवार होता. त्याला शुक्रवारच्या सगळ्या आठवणी आहेत, पण त्या दुसऱ्याच्या आहेत. त्याला स्वतःच्या वारासाठी प्रार्थना करायची आहे.

वाचून झालं. मग बाकावरचा एक म्हातारा विक्रेता म्हणाला, "अरे बाबा!" एवढंच. डॉ प्यूने न मागता तिच्यासमोर तळलेली पिठाची कांडी, ई-चा-क्वे, ठेवली. गेली कित्येक वर्षं मी त्या दुकानात बसते. मला तिने कधी न मागता काडीसुद्धा दिलेली नाही.

आणि मला नेमकं काय झोंबलं ते सांगते. ते विज्ञान नव्हतं. विज्ञानात ती पुढे गेली असती तर मी म्हणाले असते, घाल चुलीत. हा माझा प्रांत होता! पायऱ्या, कोपरा, पाण्याची वाटी, माणसाची एक चोरटी हालचाल. माझ्या देवळात, माझ्या वारांत येऊन, जी कधी त्या कोपऱ्यात गुडघा टेकून बसली नाही तिने माझ्या डोळ्यांदेखत माझा खुनी पकडला. आणि माझे सगळे खुनी, आज विचार केला तर, पैशासाठी नाहीतर बाईसाठी खून करतात. खून करून झाल्यावर एखाद्याला देवापाशी जावंसं वाटेल, हे मला सुचलंच नव्हतं.

"चांगलं आहे," मी म्हणाले. "बघते."

"शेवटचं प्रकरण मग..." ऊ ठे ल्विन म्हणाले आणि थांबले.

"बघते म्हटलं ना!"

घरी आल्यावर मी सगळं हस्तलिखित काढलं आणि पहिल्यापासून वाचायला बसले, उवा काढायला बसावं तशी, एकेक ओळ उचकटत. मला चूक हवी होती. देवाशप्पथ सांगते, इतकं मन लावून मी स्वतःचं पुस्तकही कधी तपासलं नाही. आणि सापडली. पाचव्या प्रकरणात, तिनेच लिहिलेल्या. यंत्रातून तो जागा होतो तेव्हा वर रस्त्यावर दिवे लागत असतात. म्हणजे बुधवारची संध्याकाळ!

मी टाळीच वाजवली. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आठवड्याचे वार सात, पण श्वेडगॉनवर कोपरे आठ, कारण बुधवार मधून फुटतो. दुपारी बारापर्यंत जन्मलेल्यांचा सुळेवाला हत्ती, दक्षिणेला. बारानंतरचे राहूचे, त्यांचा बिनसुळ्यांचा हत्ती, तो पार वायव्येला. मी स्वतः राहूची, म्हणून तर नाव यी यी आणि डोकं असं तापट. संध्याकाळी जागा झालेला माणूस सुळेवाल्यापाशी जाऊन बसला तर सबंध देश पोट धरून हसेल. पहिल्या पानावर पोरं खुन्याचं नाव लिहिणार नाहीत, 'लेखिकेला हत्ती कळत नाही' असं लिहितील.

हे मी तिला फोनवर सांगू शकत होते. नाही सांगितलं. मी रविवारची वाट पाहिली. आणि रविवारी मुद्दाम उशिरा गेले, सगळी बाकं भरल्यावर.

"ले वा," मी बसता बसता मोठ्याने म्हणाले, "तुझा माणूस कुठल्या हत्तीपाशी बसलाय गं?"

"सुळेवाल्या. बुधवारच्या."

"आणि जागा कधी झाला? रस्त्यावर दिवे लागताना ना?"

बाकांवर कुजबुज सुरू झाली. कळलं त्यांना. म्हातारा विक्रेता तर कपाळावर हात मारून म्हणाला, "राहू की तो!" डॉ प्यू फिस्सकन हसली. ऊ ठे ल्विन यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आणि ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, कारण तिला अजून कळलं नव्हतं. तेच तर मला बघायचं होतं.

"दुपारनंतरचा बुधवार वेगळा असतो," मी म्हणाले. "कोपरा वेगळा, हत्ती वेगळा. अर्थात, तुझी काय चूक? तुमच्यात हे नसतंच. देवळात नुसतं फोटो काढायला गेलं की असं होतं."

हे जरा जास्तच झालं. डॉ प्यूचं हसू बंद झालं. नॉ ले वाचे कान लाल झाले. तिने मान खाली घातली, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "हत्ती दोन आहेत ते पाहिलं होतं. मला वाटलं, एक जुना असेल."

"हं."

"लहानपणी मैत्रिणी आपापल्या कोपऱ्यात जायच्या. मी मधे उभी राहून सगळ्यांच्या चपला सांभाळायचे." ती स्वतःशीच बोलावं तशी बोलत होती. "सायामा, मग त्याला तरी कुठून माहीत असणार?"

"कुणाला?"

"त्याला. दुसऱ्याला."

"हान तेनच्या सगळ्या आठवणी आहेत त्याला! नियम तुझाच आहे. बुधवार फुटतो हे हान तेनला पाळण्यात असल्यापासून माहीत असणार."

"बुधवार फुटतो ते माहीत आहे. पण आपण कुठल्या तुकड्यातले ते?" आता तिने मान वर केली. "यंत्र तळघरात आहे, सायामा. खिडकी नाही. रस्त्यावरचे दिवे वाचकाला दिसतात, त्याला नाहीत. कोणीतरी कागदावर वार लिहिलेला त्याने बघितला असेल, पण सकाळ की संध्याकाळ ते त्याला कोण सांगणार? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आईने," मी म्हणाले. सहज तोंडातून गेलं.

"त्याला आई नाही," नॉ ले वा म्हणाली.

डॉ प्यूने पदर नाही म्हणून लुंगीच्या काठाने डोळे टिपले. ऊ ठे ल्विन यांचा चष्मा अजून हातातच होता आणि तो आता त्यांनी लावलाच नाही.

"म्हणून तो सुळेवाल्यापाशी बसतो," ती हळूहळू म्हणाली, "आणि इन्स्पेक्टरला तिथेच कळतं, कारण यंत्राच्या नोंदीतली संध्याकाळची वेळ त्याने वाचलेली असते. खरा बुधवारचा माणूस हत्ती चुकत नाही."

बघा म्हणजे! मी तिला खड्ड्यात ढकलायला गेले आणि तिला त्या खड्ड्यात पाणी लागलं. चूक तिची, पकडली मी, आणि सोनं झालं ते तिच्या पदरात. मी तोंड उघडलं नसतं तर ही एक बरी कादंबरी झाली असती. माझ्या जळफळाटाने ती मोठी झाली. माझ्या नाकाडोळ्यांतून धूर निघायचा तेवढा बाकी होता.

"तर मग शेवटचं प्रकरण," ऊ ठे ल्विन घसा खाकरत म्हणाले, "मा यी यी, मला वाटतं, ते ले वानेच..."

"थांबा."

मला काय बोलायचं होतं ते मलाही माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की ते वाक्य पुरं झालं तर माझी सगळी पुस्तकं एकदम वरच्या फळीवर जातील आणि स्टूलसुद्धा कोणी आणणार नाही.

"पाणी घालून तो घरी जाईल ना?" मी म्हणाले. "गप्प बसेल? मी नसते बसले. दोन हत्तींपैकी आपला कुठला, हे ज्याला ठाऊक नाही तो रोज रात्री कूस बदलत राहील. तो विचारेल."

"कोणाला?" नॉ ले वाने विचारलं.

"आईला."

"पण त्याला..."

"हान तेनची आई! दुसऱ्या प्रकरणात मी म्हातारी बसवलीय ना कोपऱ्यात, सूप ढवळायला. ती त्याची आई नाही, पण तिच्या मांडीच्या आठवणी तर आहेत? जगात आणखी कुणाला विचारणार तो?"

आणि मग मला दिसायला लागलं. खरं सांगते, कागदाशिवाय इतकं स्पष्ट मला आजवर कधीच दिसलं नव्हतं. हे सगळं मत्सराने दिसत होतं, पण दिसत होतं.

"म्हातारी लसूण सोलत बसलेली," मी सांगायला लागले. "हा तिच्या शेजारी जमिनीवर बसतो. आडून आडून विचारतो. आई, ऑफिसात एक माणूस आहे, बुधवारचा, पण त्याला सकाळ का दुपार ते कोणी सांगितलंच नाही, त्याने कुठे जावं? म्हातारी म्हणते, त्याच्या आईला विचारावं. हा म्हणतो, आई नाही त्याला. म्हातारी लसूण सोलायची थांबते. आता तिचा शुक्रवारचा हान तेन आयुष्यात कधी ऑफिसातल्या कुणासाठी असा हळवा झालेला नाही. मेला पक्का व्यापारी होता. ती मान वर करून याच्याकडे बघते. तोच चेहरा, तोच तीळ. आणि तिला कळतं. हा माझा नव्हे. माझा गेला."

"मग ती ओरडते?" डॉ प्यूने विचारलं. ती गल्ला सोडून आमच्या टेबलाशी कधी आली होती कोण जाणे.

"नाही. ती त्याला सांगते." माझा आवाज जरा फाटला, तो मी चहा पिऊन सरळ केला. "माझ्या आईने मला सांगितलं होतं तसंच. ती म्हणते, दुपारनंतर, बाळा. विहारात भिक्षूंची पंगत उठली होती, शेवटची घंटा झाली होती, मी भांडी घासून पालथी घातली आणि मग तू आलास. त्याला सांग, राहूचा आहेस. बिनसुळ्यांच्या हत्तीपाशी जा."

"पण तिला कसं माहीत संध्याकाळ ते?" म्हाताऱ्या विक्रेत्याने विचारलं.

"तिला माहीत नाहीच मुळी! ती आपली एक वेळ देऊन टाकते त्याला. आई नाही म्हणतोय ना? नेमकी बरोबर निघते. तो पाया पडतो. पहिल्यांदा खऱ्या कोपऱ्यात पाणी घालायला पळत सुटतो. आणि तो दाराबाहेर पडला, की म्हातारी हात पुसते, लसणाचं ताट बाजूला ठेवते आणि इन्स्पेक्टरला निरोप धाडते. बिनसुळ्यांच्या हत्तीपाशी सापडेल म्हणून सांगते. माझ्या मुलाला त्याने मारलंय. पण त्याचं पाणी घालून होईपर्यंत थांबा."

मी थांबले. डॉ प्यू खाली बाकावरच बसली, गिऱ्हाइकांना विसरून. ऊ ठे ल्विन यांनी नुसती मान हलवली, वर खाली नाही, आडवी, न पटल्यासारखी नव्हे तर सोसवत नसल्यासारखी.

मी मात्र त्यांच्याकडे बघत नव्हते. मी नॉ ले वाकडे बघत होते. ते हसू गेलं होतं. ओठ घट्ट मिटलेले, नजर माझ्यावर रोखलेली, आणि गालाच्या आत दात रुतलेले दिसत होते. मला ते दुखणं ओळखायला वेळ लागला नाही. इतके महिने रोज सकाळी तोंड धुताना मी तेच आरशात बघत आले होते.

"सायामा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच मध नव्हता, "मला का नाही सुचलं हे? कोणी सांगितलं, हे मी विचारलं. आई नाही हे मी आणलं. मग विचारायला जाणं मला का नाही सुचलं?"

"ते तसंच असतं," मी म्हणाले.

"मला झोप नाही लागणार आज."

"नाहीच लागत."

ती रागाने हसली आणि तिने तिच्यापुढची ई-चा-क्वे मोडून अर्धी माझ्यापुढे टाकली, ठेवली नाही, टाकली. मी ती चहात बुडवून खाल्ली. खूप दिवसांनी तोंडाला चव आली होती. समोर बसलेली ही खडूच्या हातांची पोरगी माझ्यावर जळत होती आणि मला ती एकदम आवडायला लागली, घरच्यासारखी.

"मग वर नाव कुणाचं?" ऊ ठे ल्विन यांनी हळूच विचारलं. "एकदाचं सांगून टाका बायांनो, मुखपृष्ठवाला वर येऊन बसलाय."

नॉ ले वा माझ्याकडे बघत होती. माझं म्हणाल तर त्या घडीला मला वाटलं, हिचं नाव वर छापलं तरी आता आपलं काही बिघडत नाही.

"माझं," मी म्हणाले.